नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

‘फ्लॅटला बायकोला नॉमिनी लावलंय, आता मृत्युपत्र कशाला?’ सोसायटीच्या वार्षिक सभेनंतरच्या चहाला हे वाक्य हमखास ऐकू येतं. प्रत्यक्षात नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी निव्वळ विश्वस्त असतो. पैसे ताब्यात घ्यायचे आणि कायदेशीर वारसांना पोचते करायचे, एवढंच त्याचं काम. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे 1983 मध्ये सांगितलं, शेअर्सबाबत डिसेंबर 2023 मध्ये. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांतही 2019 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, मालक नव्हे. विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीने एक अपवाद केला: आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील, तर रक्कम त्यांचीच.

‘नवऱ्यामागे सगळं बायकोचंच’ हा गैरसमज याहून महागात पडतो. हिंदू वारसा कायदा, 1956 (तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे) वेगळंच सांगतो. पत्नी, दोन मुलं आणि आई मागे ठेवून एखादा माणूस मृत्युपत्राशिवाय गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे चार सारखे हिस्से होतात. वडील या पहिल्या फळीत नाहीत, आई आहे. उद्या सासूबाईही मृत्युपत्र न करता गेल्या, की त्यांच्या चौथ्या हिश्श्यात नातवंडांबरोबर दीर-नणंदाही येतात. मग फ्लॅट विकताना सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरायचं.

लग्न किंवा घटस्फोट झाला की जुने कागद आपोआप बदलतात, असंही अनेकांना वाटतं. ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं. हिंदूचं होत नाही. घटस्फोटाने तर कोणाचंच होत नाही. पूर्वीच्या पत्नीच्या नावे लिहिलेलं घर बदल केला नाही तर तिलाच जाईल. भविष्य निर्वाह निधीचा नियम पुन्हा निराळा: कुटुंब नसताना दुसऱ्या कोणाला केलेलं नॉमिनेशन पुढे कुटुंब झाल्यावर बाद ठरतं आणि नवा फॉर्म भरावा लागतो. नोकरीला लागताना घाईघाईत भरलेला तो फॉर्म किती जणांनी पुन्हा उघडून पाहिला असेल?

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बाईच्या मृत्युपत्राकडे. ‘तिचं आहे काय एवढं?’ असं घरातलेच विचारतात. आज तिचा पगार असतो, पीएफ असतो, कर्जात निम्मा वाटा असतो. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तिची स्वतःची कमाई आधी सासरच्या वारसांकडे जाते, माहेरचे मागे राहतात. आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परतते. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेलं एक प्रकरण वाचून आजही चीड येते. लग्नानंतर काही महिन्यांतच नवरा सर्पदंशाने गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली. तिच्यामागे बँकेतल्या ठेवी आणि पीएफ कोणाला मिळाला? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. न्यायालयाचं म्हणणं असं, की सहानुभूतीने कायदा बदलत नाही. माझ्या मते कलमच अन्यायकारक आहे; पण ते बदलेपर्यंत बाईच्या हाती असलेला उपाय म्हणजे मृत्युपत्र.

गोव्यात हिशेब वेगळा. तिथे सर्वसाधारणपणे पती-पत्नीची मिळकत निम्मी-निम्मी धरली जाते आणि मुलं असतील तर आपल्या वाट्याच्या अर्ध्याच भागाचं मृत्युपत्र मनासारखं करता येतं.

राहिला खर्चाचा आणि कटकटीचा बाऊ. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे आणि शुद्धीवर असेपर्यंत हवं तितक्या वेळा बदलता येतं. शेवटचं ते खरं. सही मात्र दोन साक्षीदारांसमोर करा आणि त्यांच्याही सह्या घ्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. शक्यतो साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान निवडा. कारण मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ आली, तर हयात साक्षीदारांपैकी एकाची तरी साक्ष लागते.