खाऱ्या वाऱ्यात अडकलेली फियाट

उरणमध्ये लोखंड टिकत नाही, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. खिडकीचे गज, गच्चीवरच्या टाकीची घोडी, दारात उभी सायकल, सगळ्यांना दरवर्षी रंग लावावा लागतो. पश्चिमेला मुंबई बंदराचं पाणी, दक्षिणेला करंजाची खाडी आणि मधल्या सखल पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्यांची मिठागरं. 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि बरीच मिठागरं गेली, पण हवा तीच राहिली. अशा हवेत वीस-पंचवीस वर्षं पडवीत उभी राहिलेली फियाट पुन्हा रस्त्यावर आणायची, तर इंजिनाआधी तिचे पाय, म्हणजे सस्पेन्शन, मोकळे करावे लागतात.

हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ पाझरतं. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. मिठागरात मीठ धरल्यावर जे कडू पाणी उरतं, त्यात ते भरपूर सापडतं. हे क्षार 33 टक्क्यांच्या आसपासच्या कोरड्या हवेतही ओल ओढून घेतात. म्हणजे डिसेंबरात अंगण कोरडंठाक असलं, तरी गाडीच्या पोटाखाली साचलेल्या खारट मातीत लोखंड भिजलेलंच असतं. गाडी उभी असली तरी तिची झीज चालूच राहते. किंबहुना उभ्या गाडीची जास्त होते, कारण सांधे हलत नाहीत आणि जुनं ग्रीस सुकून जातं.

आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की पहिलं नाव प्रीमियरचंच येतं. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली आणि 1974 मध्ये त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ची. वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस तीही थांबली. घरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. जुलै 2021 मधल्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की चासिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. सस्पेन्शनचं नाव त्या अटीत नाही. तरी माझ्या मते गाडीची चाल तिच्या सस्पेन्शनमध्येच असते, आणि जाम झालं म्हणून दुसऱ्याच गाडीचे तयार भाग खाली ठोकणं हा तिच्यावर अन्याय आहे.

या गाडीला पुढे दोन्ही बाजूंना विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. जाम होतात त्या विशबोनच्या पिना आणि पाट्यांची टोकं चासिसला जोडणारी शॅकलं. जाम होणं म्हणजे नुसतं चिकटणं नव्हे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. पिन आणि बुश यांच्यात फट असते मिलिमीटरच्या काही शतांशांची. तिथे गंज वाढला की पिंपळाचं मूळ भिंतीतले दगड रेटतं, तसा तो दोन्ही बाजूंना रेटत राहतो. म्हणून पान्याला लांब पाइप लावून जोर केला, तर गंज सुटत नाही, बोल्टच तुटतो.

उरणच्या एका गॅरेजात मागच्या शॅकलचा बोल्ट काढताना मी पाहिला. मिस्त्रींनी आधी वायरब्रशने आटे स्वच्छ केले, संध्याकाळी तेल सोडलं आणि गाडी तशीच ठेवली. सकाळी पाना लावला तो उलट दिशेला, म्हणजे अगदी किंचित घट्ट करायला. एक बारीक ‘कट्’ ऐकू आला. मग थोडं सैल, पुन्हा थोडं घट्ट, पुन्हा तेल. “घाई केलीत तर ड्रिल मारावं लागेल, साहेब,” एवढंच ते बोलले. आट्यांतून लालसर काळा लगदा बाहेर येत होता. तो बाहेर पडण्यासाठीच ही पुढे-मागे चाल.

दुसरा बोल्ट तेलाने ऐकेना. मग गॅस. इथे साधा हिशेब कामी येतो. पोलादाचं एक मीटर दर अंशाला सुमारे 12 मायक्रॉन वाढतं. वीस मिलिमीटरचं भोक 300 अंशांनी तापवलं, तर ते सुमारे 0.07 मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला नगण्य, पण मूळ फटच तेवढी असते. मात्र बाहेरचा भाग भराभर तापला पाहिजे. सावकाश तापवलं तर आतली पिनही तेवढीच फुगते. मिस्त्रींनी ब्रॅकेटचा एक ठिपका घासून चकचकीत केला होता. तो आधी पिवळसर, मग निळा झाला. निळा म्हणजे 300 अंशांच्या आसपास. तिथे ज्योत हटवून त्यांनी आट्यांना मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण बारीक फटीत आपोआप ओढलं गेलं आणि निवता निवता बोल्ट फिरला.

पण गॅस सगळीकडे चालत नाही. पाटे आणि कॉइल हे पाणी दिलेलं पोलाद. ज्योत दाखवली की पाणी उतरतं आणि पुढे भाराखाली स्प्रिंग बसते. ॲसिडमध्ये बुडवणंही वाईट, कारण त्यात सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. शॉक ॲब्सॉर्बर तापवला तर फुटू शकतो. दाबलेल्या कॉइलमध्ये तर माणूस जायबंदी होईल एवढी ताकद कोंडलेली असते, तिथे चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर कामाला हातच घालू नये.

टाय रॉडचा सांधा निमुळता असतो, त्याला वेगळी युक्ती. नट सैल करून तसाच ठेवायचा आणि खालून घाव न घालता, ज्या भोकात तो बसलाय त्याच्या दोन्ही अंगांना दोन हातोड्यांनी एकाच वेळी मारायचं. भोक क्षणभर लंबगोल होतं आणि सांधा खाली सुटतो. आटे शाबूत राहतात. जुन्या विलीज जीपच्या शॅकलांत तर काही आटे डावे असतात. त्यांच्या बुशच्या षटकोनी डोक्याभोवती खाच कोरलेली असते. खरवडून ती खाच बघितली नाही, तर माणूस दिवसभर बुश घट्टच करत बसतो.

सगळं सुटल्यावर खरी तपासणी सुरू होते. पाटे सुटे करून पानापानामध्ये बघायचं. गंजाने पडलेल्या खळग्यांतूनच पुढे तडा जातो. खळगा खोल असेल तर ते पान बदलायचं, तिथे हळवं होऊन चालत नाही. पिना मायक्रोमीटरने मोजायच्या आणि झिजलेल्या पिनेच्या जागी लेथवर नवी करून घ्यायची. जोडताना प्रत्येक आट्याला ग्रीस. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नयेत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच आवळावेत, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुढे उरणात राहायचं तर पावसाळ्याआधी आणि नंतर गोड्या पाण्याने पोट धुवायचं आणि सांध्यातून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत निपलला पंप मारायचा.