जुन्या चित्रांतील हैदराबाद

सेलू-परभणीकडील जुन्या घरांत हैदराबाद हें नांव राजधानीचें म्हणून दोन-तीन पिढ्यांच्या तोंडीं बसलेलें होतें. निजामाच्या रेल्वेची मनमाडहून निघणारी मीटरगेज गाडी 1900 च्या सुमारास या बाजूनें धावूं लागली. तेव्हांपासून वकिलीची सनद, नोकरीचा अर्ज किंवा मुलाचें वरचें शिक्षण, कशासाठीं ना कशासाठीं, घरटीं एक तरी माणूस त्या गाडींत बसे. 1956 च्या नोव्हेंबरांत मराठवाडा मुंबई राज्यांत गेला आणि आमची राजधानी बदलली. हल्लींच्या मुलांस हैदराबाद म्हणजे संगणकाच्या नोकऱ्यांचें गांव एवढेंच ठाऊक असतें. पण त्या शहराचीं जुनीं चित्रें व छायाचित्रें आतां पुस्तकांतून आणि संग्रहालयांतून पाहावयास मिळतात, आणि तीं नुसतीं न पाहतां वाचूं लागलें म्हणजे फार कांहीं सांगूं लागतात.

छायाचित्रणकला निघण्यापूर्वींचें एक चित्र घेऊं. ग्रिंडले नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें 1813 सालीं हैदराबादची रेसिडेन्सी पाहून तें काढलें. रेसिडेंट कर्कपॅट्रिक यानें ही वास्तु निजामाच्या पैशानें बांधण्यास घेतली आणि ती पुरती सजण्याच्या आधींच, 1805 सालीं, तो कलकत्त्यास वारला. चित्रांत उंच खांबांचा तो पांढरा प्रासाद आणि शेजारीं मूसी नदी अशी कांहीं ऐटींत दिसतात, कीं नदी साहेबाच्या बागेसाठींच वाहते आहे असें वाटावें! 1949 सालीं त्याच वास्तूंत मुलींचें महाविद्यालय आलें, आणि आतां तेथें महिलांचें विद्यापीठ आहे. ज्या जिन्यावरून दरबारी मंडळी चढत, त्यावरून आज वह्या-पुस्तकें घेतलेल्या मुली चढतात. या शहरांतील जे बदल मला निखालस चांगले वाटतात, त्यांत हा पहिला.

छायाचित्रांचा खरा खजिना मात्र राजा दीनदयाळ यांचा. यांचा जन्म 1844 सालीं मेरठजवळच्या सरधना येथील जैन कुटुंबांत झाला. रुडकीच्या कॉलेजांत इंजिनियरिंगचें शिक्षण घेऊन ते इंदुरास सरकारी नोकरींत लागले, आणि तेथेंच त्यांस कॅमेऱ्याचा नाद लागला. पुढें सहावे निजाम महबूब अलीखान यांनीं त्यांस आपल्या पदरीं घेतलें व ‘मुसव्विर जंग’ असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चितारी. 1905 सालीं ते वारले. त्यांच्या कारखान्यांतील अडीच हजारांहून अधिक कांचा 1989 सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें घेतल्या, म्हणून त्या राहिल्या. एरवीं अशा कांचा पुसून खिडक्यांस लावल्याचीं उदाहरणें आपल्याकडे थोडीं नाहींत.

जुन्या छायाचित्रावर तारीख नसली तर ती कशी ओळखावी? चारमिनार दिसत असेल तर अगदीं सोपें आहे. ही इमारत 1591 ची, परंतु तिच्या चारी दर्शनी बाजूंवरील घड्याळें 1889 सालीं बसलीं. कमानीवर घड्याळ नसेल तर चित्र त्यापूर्वींचें. हुसेनसागराच्या पाण्यांत बुद्धाची मूर्ति उभी असेल तर तें 1992 नंतरचें. कारण ती प्रचंड शिला 1990 सालीं नेतांना तराफ्यासह तळ्यांत बुडाली, कित्येक माणसें दगावलीं, आणि दोन वर्षांहून अधिक काळ ती तळाशीं पडून होती. अगदीं प्रारंभींच्या छायाचित्रांत रस्ते ओसाड दिसतात, त्यावरून शहरांत माणसें नव्हतीं असें मात्र समजूं नये. त्या वेळीं कांचेवर प्रकाश पुष्कळ वेळ घ्यावा लागे, त्यामुळें जो चालत होता तो चित्रांत उमटलाच नाहीं. जो स्वस्थ उभा राहिला तेवढाच राहिला.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हीं छायाचित्रें बहुधा दरबारासाठीं आणि साहेबलोकांसाठीं काढलेलीं. वाडे, हत्ती, मेजवान्या, शिकारीचे वाघ यांची त्यांत रेलचेल. कोष्ट्याची किंवा भोयाची गल्ली क्वचित् दिसते. नदीकांठच्या दाट वस्त्या कॅमेऱ्यापुढें आल्या त्या पडल्यावरच.

ती वेळ 1908 च्या सप्टेंबरांत आली. नवरात्र नुकतेंच बसलें होतें आणि रमजानचाहि आरंभ झाला होता. मूसीच्या वरच्या खोऱ्यांत दोन दिवस अतोनात पाऊस झाला. त्या खोऱ्यांत लहानमोठे शेंकडों तलाव होते. एक भरून फुटला म्हणजे त्याचें पाणी खालच्यावर येई, कीं तोहि फुटे. असे दोनशेंहून अधिक तलाव फुटले. 28 तारखेस तें सारें पाणी एकदम शहरावर आलें. कोळसावाडीसारख्या वस्त्या समूळ गेल्या. सुमारें पंधरा हजार माणसें मेलीं असें मानतात. चार पुलांपैकीं तीन वाहून गेले. 1578 सालीं कुतुबशाहींत बांधलेला पुराना पूल तेवढा टिकला. अफजलगंजच्या दवाखान्याजवळ एका चिंचेवर दीडशें माणसें चढून बसलीं व वांचलीं. तो वृक्ष अजून उभा आहे, आणि दरवर्षीं त्या दिवशीं लोक त्याच्यापाशीं जमतात.

या पुराचीं छायाचित्रें दीनदयाळांच्या पेढीनेंच घेतलीं. त्यांत दगडविटांच्या ढिगांवर माणसें उभीं आहेत. पाठीमागें अर्धी भिंत, तिच्यांत एक कोनाडा, आणि कोनाड्यांत कोणाच्या तरी घरचा दिवा असावा अशी जागा. दरबारी आल्बमांतील शंभर हत्ती एकीकडे आणि हा एक कोनाडा एकीकडे. हीं चित्रें घरांतील मुलांस अवश्य दाखवावींत.

पुढें निजाम सरकारनें विश्वेश्वरय्यांस बोलावलें. हे पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिकलेले, खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारीं दारें बसविणारे, आणि मुंबई सरकारच्या नोकरींतून नुकतेच मोकळे झालेले. 1909 सालीं ते आले. फुटलेल्या तलावांचा हिशेब करून, शहराच्या वरच्या बाजूस नदीवर मोठे जलाशय बांधून पुराचें पाणी तेथेंच अडवावें असा सल्ला त्यांनीं दिला. त्याप्रमाणें मूसीवर उस्मानसागर 1920 सालीं आणि ईसी नदीवर हिमायतसागर 1927 सालीं पुरा झाला. ज्या पाण्यानें शहर बुडविलें, तेंच मग शहराला प्यावयास मिळूं लागलें. 1912 सालीं नगरसुधारणेचें मंडळ नेमलें गेलें. नदीला बांध पडले, कांठीं बागा झाल्या, आणि हायकोर्ट व उस्मानिया दवाखाना या व्हिन्सेंट एश नामक वास्तुकारानें योजिलेल्या इमारती समोरासमोर उभ्या राहिल्या. 1930 च्या आगेमागें काढलेल्या छायाचित्रांत मूसीचा कांठ दिसतो, तो या शहराचा सर्वांत देखणा चेहरा होय. काचीगुड्याचें स्टेशन त्याच काळांतलें, 1916 चें. आमच्याकडील कित्येकांस हैदराबादचें पहिलें दर्शन त्याच्याच घुमटांचें झालें.

मराठी माणसाच्या खुणा या चित्रांत शोधाव्या लागतात. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनीं विवेकवर्धिनी पाठशाळा चालविली, आणि 1931 सालीं ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखालीं तेथें साहित्यसंमेलन भरलें. उस्मानिया विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजच्या भव्य इमारतीचें छायाचित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. तिचें उद्घाटन 1939 च्या डिसेंबरांत झालें. पण त्याच्या आदल्या वर्षीं वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटलें म्हणून विद्यापीठानें शेंकडों विद्यार्थ्यांस काढून टाकलें होतें. त्यांत आमच्या मराठवाड्याचे पुष्कळ होते, आणि नागपूर विद्यापीठानें त्यांस आसरा दिला. ती गोष्ट कॅमेऱ्यांत नाहीं. कॅमेऱ्यांत आहे ती 1949 च्या फेब्रुवारींतील बेगमपेठ विमानतळावरची: समोर सरदार पटेल, आणि सातवे निजाम हात जोडून उभे.

आजचें हैदराबाद जुन्या चित्रांपाशीं ठेवून पाहिलें तर वैभव वाढलें यांत शंका नाहीं. 2017 पासून तेथें मेट्रो धांवते, आणि आपल्याकडील मुलांस तें शहर पोट भरून देतें. परंतु जुन्या नकाशांतील तळीं एकामागून एक बुजून त्यांवर वस्त्या झाल्या, मूसीचें पात्र सांडपाण्यानें भरलें, तिच्या कांठावर अतिक्रमण झालें. 2020 च्या जुलैंत पावसाचें पाणी उस्मानिया दवाखान्यांत शिरलें आणि ती जुनी इमारत रिकामी करावी लागली. त्याच ऑक्टोबरांत अतिवृष्टीनें तळीं भरून वाहिलीं व सखल भागांतील घरें पाण्याखालीं गेलीं. विश्वेश्वरय्यांनीं तलावांचा जो हिशेब मांडला होता, तो पुढें कोणी चालू ठेवल्याचें दिसत नाहीं.

आणि पुराना पूल? तो अजून जागेवर आहे. त्याच्यावरून गाड्या जात नाहींत; शेजारीं नवा पूल झाला आहे. जुन्यावर सकाळीं भाजीवाल्या बायका टोपल्या मांडून बसतात.