शेंगदाणा आणि तृप्ती : सीमाभागातील मधल्या खाण्याचा मागोवा

दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेला भुईमूग बेळगाव-निपाणी पट्ट्यात खरिपाचे पीक म्हणून स्थिरावला आणि भाकरीबरोबरची चटणी, शेंगापोळी, काढणीच्या दिवसांत भाजलेल्या किंवा उकडलेल्या शेंगा आणि गुळाच्या खड्यासोबतचे भाजके दाणे अशा रूपांनी मराठी व कानडी या दोन्ही भाषिकांच्या घरांत रुळला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तरी दोन जेवणांमधली भूक दाण्यांवर भागवण्याची रीत टिकून राहिली.

या रीतीमागील शरीरव्यापार मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडू लागला. १९८० साली लेव्हाइन आणि सिल्व्हिस या अमेरिकी संशोधकांना असे आढळले, की अख्ख्या दाण्यांच्या आहारात सुमारे १८ टक्के स्निग्धांश न शोषला जाता मलावाटे बाहेर पडतो, तर शेंगतेलाच्या आहारात हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी असते. कारण दाण्यातील तेल पेशीभित्तिकांत, म्हणजे पेशींभोवतीच्या तंतुमय आवरणांत, कोंडलेले असते आणि चावण्याने त्यातील काहीच आवरणे फुटतात. पुढे २००२ साली पर्ड्यू विद्यापीठातील अभ्यासात रोज सुमारे ५०० किलोकॅलरींचे शेंगदाणे आठ आठवडे मनाजोगत्या आहारासोबत दिले गेले, तेव्हा गणिताने अपेक्षित असलेली ३.६ किलो वजनवाढ प्रत्यक्षात सुमारे १ किलोवरच थांबली, याचे एक मोठे कारण म्हणजे खाणाऱ्यांनी इतर अन्न आपोआप कमी केले. तेथेच २००९ साली बदामांवर झालेल्या प्रयोगात प्रत्येक घास २५ ऐवजी ४० वेळा चावल्यास भूक अधिक काळ दबून राहते, असे दिसले. प्रथिने व स्निग्धांश लहान आतड्यात पोहोचल्यावर तेथून स्रवणारी कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे संदेश नेणारी द्रव्ये, मेंदूला तृप्तीची जाणीव करून देतात आणि दाण्यांतील तंतुमय भाग त्या जाणिवेस हातभार लावतो.

या तीन दशकांच्या संशोधनाचा अर्थ असा, की तृप्ती जशी दाण्याच्या घटकांत असते तशीच ती त्याच्या अखंडपणात आणि सावकाश चावण्यातही असते. म्हणूनच बेसनात घोळून तळलेले खारे मसाला-शेंगदाणे घाईने पोटात जातात, तेव्हा जुन्या रीतीचा गुण त्यांत पुरता उरत नाही. ३० ग्रॅम दाण्यांत सुमारे १७० किलोकॅलरी असतात. त्यामुळे ते फरसाण वा बिस्किटांच्या जागी खाल्ले तरच हिताचे ठरतात, आणि त्या खाण्यात भर म्हणून घेतले तर वजनवाढीला कारणीभूत होतात. सीमाभागाला यासाठी परका सुकामेवा शोधण्याची गरज नाही. आपल्याच शिवारातील शेंग भाजून, मोजकी आणि नीट चावून खाण्याची सवय पुढच्या पिढीला लावणे पुरेसे आहे.