लुडोनॅरेटिव्ह विसंगती

लुडोनॅरेटिव्ह विसंगती ही व्हिडिओ गेमच्या समीक्षेतील एक संकल्पना आहे. खेळाची कथा एक विचार मांडते, परंतु त्याचे नियम व बक्षिसे खेळाडूला त्या विचाराविरुद्ध वागण्यास प्रवृत्त करतात, अशा स्थितीस ही संज्ञा लावली जाते. ‘लुडुस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ खेळ असा आहे. राजकीय आशयाच्या खेळांत ही विसंगती विशेष जाणवते. कारण कथेतील उपदेश खेळाडू क्वचित ऐकतो, तर बक्षिसासाठीची कृती तो वारंवार करतो.

उगम

कॅनडातील गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या खेळावरील टीकालेखात ही संज्ञा वापरली. समुद्रतळावरील रॅप्चर या काल्पनिक नगरीच्या ऱ्हासातून हा खेळ आयन रँड यांच्या स्वार्थवादी तत्त्वज्ञानावर टीका करतो. खेळाचे नियम स्वहित साधण्यास वाव देतात. कथा मात्र ॲटलस या पात्राला मदत करण्यावाचून पर्याय ठेवत नाही, असा हॉकिंग यांचा आक्षेप होता.

बक्षिसांचे गणित

या खेळात ‘लिटल सिस्टर’ या मुलींकडून ‘ॲडॅम’ हे शक्तिवर्धक द्रव्य मिळते. मुलीचा बळी घेतल्यास १६०, तर तिची सुटका केल्यास ८० ॲडॅम मिळते. परंतु दर तीन सुटकांनंतर २०० ॲडॅम व इतर वस्तूंची भेट येते. त्यामुळे तीन मुलींमागे बळीतून ४८०, तर सुटकेतून ४४० ॲडॅम मिळते. परोपकारासाठी खेळाडूला फारसे काही गमवावे लागत नाही. त्याग ही लाभदायक गुंतवणूक ठरते आणि स्वार्थावरील टीका दुबळी होते.

अन्य उदाहरणे

ही अडचण व्हिडिओ गेमपूर्वीचीही आहे. जमीनमालकीतील मक्तेदारीचे दुष्परिणाम दाखविण्यासाठी अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी यांनी ‘द लँडलॉर्ड्स गेम’ हा पटावरील खेळ रचला. त्याला १९०४ मध्ये पेटंट मिळाले. त्यातूनच पुढे आलेल्या व पार्कर ब्रदर्सने १९३५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘मोनोपॉली’त मात्र इतरांना कंगाल करणारा विजयी ठरतो. भारतातील ‘व्यापार’ हा खेळ याच धर्तीचा आहे.

याउलट लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) या खेळात बक्षीस व आशय एकरूप झालेले दिसतात. त्यातील सीमा तपासनिसाला तपासलेल्या प्रवाशांच्या संख्येनुसार वेतन मिळते आणि चुकांबद्दल दंड होतो. त्यातूनच घरभाडे, अन्न व उष्णतेचा खर्च भागवायचा असल्याने दयाबुद्धीने नियम मोडणे कुटुंबाला महाग पडते. हुकूमशाहीत सामान्य माणूस अन्यायात कसा सहभागी होतो, हे येथे बक्षिसांची रचनाच दाखवून देते.