गच्चीवरच्या सळया

कोथरूड, सहकारनगर, नाशिकचा गंगापूर रोड, सांगलीचं विश्रामबाग. गाव कुठलंही घ्या, सत्तर-ऐंशीच्या दशकात वसलेल्या बंगल्यांच्या सोसायटीत संध्याकाळी गच्चीवर गेलात, की चार घरं पलीकडे कॉलमच्या डोक्यातून वर आलेल्या सळया दिसतातच. कुठे त्यांवर प्लास्टिकची बाटली उपडी घातलेली असते, कुठे दोन सळयांना दोरी बांधून गोधड्या वाळत टाकलेल्या असतात. घर बांधलं तेव्हा पैसे एका मजल्यापुरते होते, दुसरा ‘पोरं मोठी झाल्यावर’. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, नातवंडं आली आणि एके दिवशी जेवताना कुणीतरी म्हणतं, “सळया आहेतच की वर. फक्त मजला चढवायचाय.”

आम्हा आर्किटेक्ट मंडळींचं काम त्या ‘फक्त’पासून सुरू होतं.

आधी त्या सळयांबद्दलच बोलू. काँक्रीटच्या आत लोखंड टिकतं, कारण सिमेंट अल्कधर्मी असतं आणि ते लोखंडाभोवती एक पातळ कवच धरून ठेवतं. उघड्यावरच्या सळीला ते कवच नाही. तीस पावसाळे खाल्लेली सळी हातोडीने ठोकली की गंज पापुद्र्यासारखा सुटतो. ती सगळ्यात बारीक होते ती नेमकी स्लॅबमध्ये शिरते त्या मानेपाशी, कारण पाणी तिथे साचतं. म्हणजे ज्यांच्या भरवशावर मजला चढवायचा, त्या सळयांचा उपयोग आता दोरी बांधण्यापुरताच. त्या कापून काँक्रीटमध्ये नवी भोकं पाडतात आणि रसायन भरून नव्या सळया बसवतात. त्यात भोक ब्रशने आणि हवेने साफ करणं महत्त्वाचं. आत भुकटी राहिली तर रसायन भुकटीला चिकटतं, काँक्रीटला नाही. साइटवर घाईत उरकला जातो तो नेमका हाच टप्पा.

पण खरा प्रश्न गच्चीवर नाहीच, तो तळाशी आहे. वजनाचा हिशेब कागदावर मांडला की घरातली माणसं गप्प होतात. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २,५०० किलो. दहा बाय बाराच्या एका खोलीवरचा पाच इंची स्लॅब म्हणजे साडेतीन टन. विटांची नऊ इंची भिंत दहा फूट उंच बांधली, तर तिच्या लांबीच्या दर फुटाला चारशे किलो. चार खोल्या, मधल्या भिंती, पाण्याची टाकी, जिना. हे सगळं जिथे जाणार ते फूटिंग तळमजल्यापुरतं काढलंय की दोन मजल्यांचं, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. “आमच्या बाबांनी दोन मजल्यांचं फाउंडेशन घेतलंय,” हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, की ते खरं असतं तर निम्म्या पुण्यावर दुसरा मजला उभा राहिला असता.

म्हणून पहिल्या भेटीत चित्र निघत नाही, खड्डा निघतो. एका-दोन कॉलमांशेजारी जमीन उकरायची आणि फूटिंग किती खोल, किती रुंद, खाली मुरूम आहे की काळी माती, ते डोळ्यांनी पाहायचं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. दारं जून-जुलैत अडकत असतील आणि एप्रिलमध्ये सैल होत असतील, तर दोष नुसता लाकडाला देऊ नका. मग काँक्रीटची पाळी. त्याचा ताजा फोडलेला कोपरा घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकतात. शाळेतल्या प्रयोगशाळेत लिटमसशेजारी असायचं तेच. काँक्रीट धडधाकट असेल तिथे गुलाबी रंग येतो. जिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं अल्कपण संपवलंय, तिथे रंग येतच नाही. हा बिनरंगी थर सळीपर्यंत पोचला असेल, तर आतून गंजायला सुरुवात झाली असं धरायचं. ही परीक्षा घरच्यांसमोर करावी. रंग कुठे थांबला ते त्यांनी स्वतः पाहिलं, की पुढची निम्मी वादावादी वाचते.

बरं, घर कॉलमवर उभं आहे की भिंतींवर, हेही तपासावं लागतं. त्या काळातले अनेक बंगले भार पेलणाऱ्या विटांच्या किंवा दगडी भिंतींवर आहेत. तिथे ‘हॉल मोठा करायचाय, मधली भिंत काढू’ म्हणणं म्हणजे टेबलाचा पाय कापून बसायला जागा करणं. आणि घर कॉलमवर असलं, तरी ते कधी बांधलं हे विचारायचं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा. काँक्रीटच्या सांगाड्यात भूकंपासाठी सळया कशा बांधायच्या, त्याचं भारतीय मानक ‘आयएस १३९२०’ हेही त्याच वर्षीचं. त्याआधीच्या घरांत कॉलमच्या रिंगा बऱ्याचदा विरळ आणि टोकं पुरती आत न वळवलेल्या सापडतात. जमीन हलते तेव्हा इमारतीला बसणारा धक्का तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. असल्या कॉलमांच्या डोक्यावर नवा मजला ठेवायचा, तर तो जितका हलका होईल तितकं बरं.

हलका करण्याचे मार्ग आहेत. पहिला फुकट मिळतो: गच्चीवरचा जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा काढून टाका. आठशे चौरस फुटांच्या गच्चीवर सरासरी साडेचार इंचांचा कोबा पंधरा-सोळा टनांचा असतो, आणि खोल्या वर आल्यावर त्याचं काम संपतं. तरी लोक त्याच्यावरच वाळू-सिमेंट पसरून टाइल्स बसवतात. दुसरा मार्ग एएसी ब्लॉकचा; सहा इंची भिंतीचं वजन विटांच्या नऊ इंचीच्या पाव पटीवर येतं. तिसरा, लोखंडी सांगाडा आणि वर हलकं छप्पर. आणि तळाने नाहीच म्हटलं, तर जुन्या घराला न टेकता बाहेरून नवे कॉलम उभे करून त्यावर मजला पेलायचा, मधे इंचभर फट सोडून. तो खर्चिक आहे, पण कधीकधी तेवढाच एक प्रामाणिक मार्ग उरतो.

हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं क्षेत्र. मग आर्किटेक्ट कशाला? मिस्त्री म्हणतोच, “साहेब, कागद कशाला, मी शंभर मजले चढवलेत.” चढवले असतील. मिस्त्री विचारत नाही ते प्रश्न विचारणं, हे आर्किटेक्टचं काम. त्यातला सगळ्यात नाजूक प्रश्न असा: स्वयंपाकघर एक की दोन?

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोर कधीच मिळत नाही. हॉलमध्ये चहा घेताना सगळे एका सुरात “एकच हो, दोन कशाला” म्हणतात. नंतर सूनबाई गेटपर्यंत पोचवायला येते आणि हळूच म्हणते, “वर चहापुरता एक ओटा काढता येईल का?” दोन दिवसांनी सासूबाईंचा फोन येतो, त्याही तेच सुचवतात, फक्त ‘तिच्या सोयीसाठी’. चहापुरता ओटा म्हणजे पाण्याची लाइन, सांडपाण्याचा पाइप, गॅसची जागा, चिमणीला बाहेरची भिंत. हे खालच्या स्वयंपाकघराच्या किंवा बाथरूमच्या बरोबर वर आलं तर सोपं, नाहीतर कुणाच्या तरी पलंगावरून सांडपाण्याचा पाइप जाणार आणि पाच वर्षांत छताला ओल येणार. घरातलं हे राजकारण कळल्याशिवाय नकाशा काढणारा आर्किटेक्ट कोरा कागद काळा करतो, एवढंच.

जिन्याचंही तसंच. दहा फुटांच्या मजल्याला पावणेसात इंचांच्या आतबाहेरच्या अठरा पायऱ्या लागतात, आणि मधे वळणारा जिना साधारण साडेसहा बाय दहा फूट जागा खातो. म्हणजे तळमजल्यावरची पासष्ट चौरस फूट जागा गेली. ती द्यायला जिवावर येतं, म्हणून जिना बाहेर, बाजूच्या मार्जिनमध्ये काढायची टूम निघते. पण आतला जिना म्हणजे एक कुटुंब, बाहेरचा जिना म्हणजे दोन बिऱ्हाडं, किंवा उद्याचा भाडेकरू. काय हवंय ते आधी ठरवा. मार्जिनमध्ये जिना चालतो की नाही, ते नियमावली सांगेल.

आणि कधीकधी मजला हवाच नसतो. मधल्या काळोख्या स्वयंपाकघराला मागच्या बाजूला खिडकी मिळाली, स्टोअररूम मोडून तळमजल्यावर तीन फुटी दाराचं बाथरूम झालं, आजोबांची खोली त्याला लागून आली, की घर पुरतं. वर दोन खोल्या काढून आजी-आजोबांना तिथे पाठवणारी घरं मी पाहिली आहेत. गुडघे दुखायला लागले की त्या खोल्यांत पापड-कुरडयांचे डबे राहायला जातात.

वाढणारं घर आधीच कल्पून बांधण्याचा आपल्याकडचा सगळ्यात विचारी प्रयोग नवी मुंबईत आहे. सीबीडी बेलापूरच्या डोंगराखालचं आर्टिस्ट्स व्हिलेज. चार्ल्स कोरिया यांनी ते सिडकोसाठी आखलं आणि १९८३ ते १९८६ या काळात ते उभं राहिलं. ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड. सात घरांच्या मधोमध आठ बाय आठ मीटरचा चौक. अशा तीन सातकड्यांना मिळून त्याहून मोठा चौक. साधी, उतरत्या छपरांची घरं, गावातल्या गवंड्याला बांधता येतील अशी. त्यातला कळीचा निर्णय नकाशात चटकन दिसत नाही: कुठल्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. वाढवायचं ठरलं तर शेजाऱ्याची भिंत, शेजाऱ्याची तुळई, शेजाऱ्याचा रुसवा, काहीच मधे येत नाही. रो-हाउसमध्ये राहणाऱ्यांना याची किंमत कळेल. तिथे तुमचा नवा बीम ज्या भिंतीवर टेकतो, ती निम्मी दुसऱ्याची असते.

आज बेलापूरला गेलात तर कोरियांची मूळ घरं शोधावी लागतात. बहुतेकांनी खोलीला खोली जोडण्याऐवजी मूळ घर पाडून त्याच जागी दोन-तीन मजल्यांचं काँक्रीट उभं केलं. काही समीक्षकांना यात प्रयोगाचा पराभव दिसतो. मला तसं वाटत नाही. लोकांनी घर बदललं, पण भूखंड आणि चौक यांची मूळ वीण तिथे अजून ओळखू येते. पुढच्या पिढीसाठी काय मोकळं सोडायचं, हे आधी ठरवलेलं होतं. आपण मात्र पुढच्या पिढीसाठी सळया सोडतो आणि तळमजला बाजूच्या मार्जिनपर्यंत भरून टाकतो.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. मुंबई महानगरपालिका आणि काही वगळलेले भाग सोडले, तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे. किती बांधता येईल ते भूखंडाचं क्षेत्र, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि आधी वापरलेला एफएसआय यांवर ठरतं. त्यामुळे ‘शेजाऱ्याला मिळाला, मग मला का नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा रस्त्याच्या रुंदीत असतं. सोसायटीचं ना-हरकत पत्र, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, जुना मंजूर नकाशा, मग नवी परवानगी आणि शेवटी भोगवटा पत्र. हे शेवटचं घ्यायला लोक विसरतात आणि घर विकताना किंवा कर्ज काढताना अडकतात. महापालिका वाढीव खोल्यांना मिळकत कर लावते म्हणून त्या अधिकृत झाल्या, हा समज सर्वत्र आहे आणि तो सपशेल चूक आहे. अनधिकृत बांधकामावरचा शास्तीकर पिंपरी-चिंचवडमध्ये किती वर्षं गाजला, ते आठवून पाहा.

फीबद्दल लोक संकोचतात, म्हणून मीच सांगतो. ती कामाच्या खर्चाच्या टक्क्यांत किंवा चौरस फुटावर ठरते. कामात काय काय येतं ते लेखी घ्या: नुसता मंजुरीचा नकाशा, की कामाचे तपशीलवार नकाशे, की साइटवर देखरेखही? स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी यात आहे की वेगळी? १९७२च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान कसला? जुन्या घराच्या कामात अंदाजपत्रकाबाहेर हमखास काहीतरी निघतं, तेव्हा थोडी रक्कम बाजूला ठेवूनच हात घाला. आणि काम दसऱ्यानंतर काढा. गच्ची उघडी असताना वळवाचा एक पाऊस खालच्या छताचं काय करतो, ते ज्यांनी पाहिलंय ते मे महिन्यात स्लॅब फोडत नाहीत.

हे सगळं करायला दिवाळीपर्यंत वेळ आहे. आज रविवार आहे, तर एकच काम करा. माळ्यावरची ट्रंक खाली काढा. तीत बाबांनी जपून ठेवलेली निळ्या नकाशाची सुरळी बहुधा असेल आणि नशीब असेल तर फूटिंगचा तपशीलही. उघडलीत की लगेच फोटो काढा आणि सुरळी परत कापडात गुंडाळा. ती शाई उन्हात उडते.