मीठ, बर्फ आणि आईशी लावलेली पैज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

सध्या मी सिंदेवाहीला घरी आहे. लॅपटॉपवर ऑफिसचं काम, बाहेर धानाची रोवणी. परवा आईशी पैज लावली. दोन ग्लासांत सारखंच पाणी घेतलं, एकात तीन-चार चमचे मीठ ढवळलं आणि दोन्हींत बर्फाचा एकेक खडा टाकला. आधी कोणता वितळणार?

आई म्हणाली, "मिठाच्या पान्यातला बरफ आधी पिघलते, पाहून घे."

आई हरली. साध्या पाण्यातला खडा आधी संपला.

असं का? खडा वितळून जे पाणी येतं ते थंड आणि गोडं असतं. साध्या ग्लासात ते थंड म्हणून जड होतं, खाली जातं, आणि खालचं कोमट पाणी वर येऊन बर्फाला भिडतं. मिठाचं पाणी मात्र त्याहून जड. त्यामुळे गोडं पाणी वरच राहतं आणि खड्याभोवती थंड झाकण तयार होतं. रंग घातलेल्या पाण्याचा बर्फ केलात तर हे झाकण डोळ्यांनी दिसतं.

आता ग्लास सोडा, अंटार्क्टिकाला चला. तिथल्या समुद्रात वरचं पाणी थंड आणि कमी खारं, खालचं जास्त खारं आणि तुलनेनं उबदार. मिठातला हा फरक आहे म्हणून खालची ऊब खालीच दबून राहते आणि वर बर्फ टिकतो. समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं, त्यामुळे खालचं पाणी शून्याच्या थोडं वर असलं तरी बर्फासाठी ते गरमच.

हा बर्फ सप्टेंबर २०१४ मध्ये २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर पसरला होता. उपग्रहांच्या नोंदींतला तो उच्चांक. सप्टेंबर २०२३ मध्ये तो १ कोटी ७० लाखांपर्यंतही पोचला नाही. म्हणजे नऊ वर्षांत जवळजवळ भारताएवढा बर्फ कमी!

अंदाज असा होता की पृथ्वी तापली की हिमनद्या वितळतील, पाऊस वाढेल आणि तिथलं वरचं पाणी अजून गोडं होईल. बरीच वर्षं तसंच झालं. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात उलटं दिसलं. २०१५ पासून वरचं पाणी खारं होतंय. म्हणजे झाकण सैल झालंय आणि खालची ऊब वर येतेय.

हे मोजलं कसं? समुद्राच्या पृष्ठभागातून अगदी क्षीण सूक्ष्मलहरी बाहेर पडतात, आणि मिठाप्रमाणे त्यांची तीव्रता बदलते. उपग्रह त्या टिपतो. थंड पाण्यात हा सिग्नल आणखी कमजोर, म्हणून डेटा साफ करायलाच मोठी मेहनत. सोबतीला पाण्यात बुड्या मारणारे यांत्रिक तरंगक आहेतच.

आपली माणसंही यात आहेत. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. दुसऱ्या ध्रुवाकडे, नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या फ्योर्डात २०१४ मध्ये भारतानं 'इंडआर्क' ही वेधशाळा पाण्याखाली सोडली. तीही तापमानासोबत क्षारता मोजते.

आई विचारेल, याचा आपल्या बांधीशी काय संबंध? यंदाचा पाऊस अंटार्क्टिकाच्या मिठावर ठरतो, असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका. पण पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो, काळं पाणी ते पिऊन घेतं. समुद्रात किती उष्णता साठते यावर सगळ्या जगाचं हवामान चालतं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पाऊस कसा बदलेल, हे सांगणारी मॉडेल्स याच हिशेबावर उभी आहेत. कोडरच्या भाषेत, डेटानं मॉडेलमधला बग दाखवलाय. तो सुधारला नाही, तर धानाचं पुढचं नियोजन चुकीच्या आउटपुटवर होईल.

पैज हरल्यावर आई म्हणाली, "पुन्हा कर, मी नीट पाहते." शास्त्रज्ञही सध्या तेच करतायत.

तुम्हीही आज दोन ग्लास घ्या. आधी घरच्यांना अंदाज विचारा, मग बर्फ टाका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!