बाईंसमोर रडू येतं तेव्हा

आज समोर पालक आहेत, शिक्षक आहेत, आणि मागच्या रांगांत काही शाळकरी मुलंही दिसताहेत. म्हणून विषय सरळच मांडतो. वर्गात बाईंनी किंवा सरांनी विचारलं, 'वही अपूर्ण का?' आणि उत्तर द्यायच्या आधीच डोळे भरून आले. आता मुलानं काय करायचं? आणि समोर उभ्या असलेल्या शिक्षकानं?

आधी आपली भाषाच काय सांगते ते बघू. आपण 'मी लिहितो' म्हणतो, 'मी धावतो' म्हणतो. पण राग, हसू, रडू यांच्याबद्दल बोलताना म्हणतो, 'मला राग आला', 'मला हसू आलं', 'मला रडू आलं'. म्हणजे ते आलं, मी आणलं नाही. तत्त्वज्ञानात कृती आणि घटना असा जो भेद शिकवावा लागतो, तो मराठी मूल चौथ्या वर्षी सहज बोलून जातं. जे मी केलं त्याचा जाब मला विचारता येतो. जे मला आलं, त्याचा नाही. ते आल्यावर मी पुढे काय केलं, एवढंच विचारता येतं.

शरीरशास्त्रही याला दुजोरा देतं. अश्रुग्रंथींना हुकूम देणारी मज्जासंस्था स्वायत्त आहे. छातीचे ठोके जसे 'थांबा' म्हटल्यानं थांबत नाहीत, तसंच हे. त्यामुळे 'आधी रडणं थांबव, मग बोल' ही आज्ञा मुलाच्या हातात नसलेली गोष्ट मागते. मूल आणखी घाबरतं, आणखी रडतं, आणि शिक्षकाला वाटतं की हे मुद्दाम चाललंय.

आता रडू नेमकं कशामुळे येतं? पुष्कळदा बोलणी खाल्ल्यामुळे नव्हे, तर ती वर्गातल्या पन्नास जणांदेखत खाल्ल्यामुळे. अपराधाची जाणीव वेगळी आणि लाज वेगळी. 'माझं काम राहिलं' ही पहिली. तिच्यावर उपाय असतो: वही पूर्ण करायची. 'मी असलाच आहे, आणि सगळ्यांनी ते पाहिलं' ही दुसरी. तिच्यावर मुलाला एकच उपाय सुचतो, तोंड लपवणं. म्हणून शिक्षकाचं पहिलं काम प्रेक्षक कमी करण्याचं. 'जा, तोंड धुऊन ये, मग बोलू' एवढं हळू आवाजात म्हणायचं आणि वर्गाला कामाला लावायचं. झालं.

इथे एक शिक्षक म्हणतील, 'सर, असं केलं तर उद्या सगळेच रडतील आणि सुटतील.' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच पंचवटीत सापडतं. भवभूतीचं 'उत्तररामचरित' हे आठव्या शतकातलं नाटक. त्याच्या तिसऱ्या अंकात राम जनस्थानात, म्हणजे आपल्या या गोदाकाठी, पुन्हा येतो. सीतेचा त्याग होऊन बारा वर्षं लोटलेली. सीतेची सखी वनदेवता वासंती त्याला तोंडावर विचारते, असं का केलंस? राम ढसाढसा रडतो. अदृश्य रूपात जवळच असलेल्या सीतेला नदीदेवता तमसा समजावते, की त्याला रडू दे. तळं काठोकाठ भरलं की पाण्याला वाट करून देणं हाच उपाय, तसंच शोकानं भरलेल्या हृदयाचं. पण लक्षात घ्या, वासंती आपला प्रश्न मागे घेत नाही. अश्रूंना वाट मिळते आणि प्रश्नही जागच्या जागी राहतो.

नाशिककराला हे समजावून सांगायची गरज नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो, पाणी कुठवर आलं म्हणून. पाणी वेळेवर, बेताबेतानं सोडलं तर धरणही राहतं आणि गावही. तोंड धुवायला पाठवणं हा असा विसर्ग आहे. ती माफी नाही. दहा मिनिटांनी किंवा मधल्या सुट्टीत वहीबद्दल बोलायचंच. रडून प्रश्न टळत नाही हे मुलाला एकदा कळलं, की त्याचं हत्यार करण्यात काही फायदा उरत नाही.

आणखी एक आक्षेप असतो की रडणारी मुलं दुबळी निघतात. साने गुरुजींच्या वाट्याला ही टीका आयुष्यभर आली. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयात मुलांची सेवा करत होते. १९३० साली नोकरी सोडून त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली लिहिली ती इथेच, नाशिकच्या तुरुंगात. डोळ्यांत चटकन पाणी येणारा हा माणूस पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला आणि १९४७ साली पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. हळवेपणा आणि भित्रेपणा एक नव्हेत, एवढं त्यावरून कळावं.

आता मुलांनो, तुमच्यासाठी. घसा दाटून आला की श्वास सावकाश बाहेर सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. पाणी प्या. एक वाक्य आधीच पाठ करून ठेवा: 'बाई, मला आत्ता बोलता येत नाहीये, थोड्या वेळानं सांगू का?' तेवढंही निघालं नाही तर कागदावर लिहून द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नंतर परत जा. जे सांगायचं राहिलं ते सांगा. रडण्याची आठवण बोचत राहते ती बहुधा बोलणं अर्धवट राहिल्यामुळे.

वर्गातल्या बाकीच्यांनी काय करायचं? बघत बसायचं नाही. नंतर डबा खाताना शेजारी बसायचं. कारण विचारायची गरज नाही.

पालकांनो, मूल घरी येऊन सांगेल तेव्हा 'एवढ्यावरून रडलास?' किंवा 'मुलींसारखं काय रडायचं?' असं म्हणू नका. या दुसऱ्या वाक्यात मुलाचा अपमान आहे आणि घरातल्या मुलीचाही. पण रडणं रोजचंच असेल, एखाद्या ठरावीक तासाआधी पोटात दुखत असेल, तर श्वासाचे उपाय पुरेसे नाहीत. तिथे मार असेल, चिडवणं असेल, घरातलंही काही असेल. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. आधी वर्गशिक्षकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना. मुलांसाठी १०९८ ही मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर मुलालाही पाठ असू द्या.

शेवटी शिक्षकांना एवढंच सांगेन. मूल तुमच्यासमोर रडलं तर तुमचा धाक किती आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. दुसऱ्या दिवशी ते तुमच्याकडे येऊन, डोळे पुसून, 'सर, त्याचं कारण असं होतं' म्हणू शकलं, तर तुमची योग्यता कळते. त्या दिवसाची वाट मोकळी ठेवा.